डावीकडची जागा

आयर्लंडमध्ये, गॉलवे शहराच्या बाहेर एका म्हाताऱ्याच्या शेडमध्ये दोन अमेरिकन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक जुनी मस्टँग आणि एक तितकीच जुनी कॅमारो. त्याला त्यातली एक विकायची होती, मला एक घ्यायची होती. कोणती, ते नागपूरला बसलेला माझा दादा फोनवरून ठरवणार होता.

या दोन्ही गाड्यांची चित्रं लहानपणी त्यानेच रद्दीतल्या मासिकातून फाडून भिंतीवर चिकटवली होती. तो कॅमारोवाला, मी मस्टँगवाला. दुपारी आमच्या दिवाणाची गाडी व्हायची. पोळ्यांच्या डब्याचं झाकण धरून दादा उजवीकडे बसायचा, मी डावीकडे. झाकण त्याने मला एकदाही दिलं नाही. आता शुगरने त्याची नजर गेली आहे. पथ्य पाळलं असतं तर, असं मनात येऊन मला अजून त्याचा राग येतो.

"दोन्ही सांग बे, नीट," तो म्हणाला.

मी सांगत गेलो. मस्टँगचं बॉनेट लांब, मागचा भाग आखूड, अंगाने सडपातळ. सुटे भाग सहज मिळतात. कॅमारो रुंद, जमिनीला टेकल्यासारखी. इंजिन मूळचंच, म्हणून संग्राहक तिच्यामागे लागतात. पण इथल्या दमट हवेत तिच्या तळाला गंज धरलाय. मी तळाकडे बोट दाखवलेलं बघून "थोडासाच आहे, बाकी ग्रँड, एकदम झकास," म्हातारा मध्येच म्हणाला. माझ्या मते शहाण्या माणसाने मस्टँगच घ्यावी.

"आवाज ऐकव," दादा म्हणाला.

मस्टँग एकसुरात चालली. कॅमारो आधी खोकली, मग शेडचे पत्रे थरथरायला लागले. पलीकडून दादाने तिला पुन्हा एकदा रेस करायला लावलं.

"हीच," तो म्हणाला. "आत बस आणि समोर काय दिसतं ते सांग."

मी उजवीकडचं दार उघडून बसलो, हात पुढे केले, तर स्टिअरिंगच नाही. ते डावीकडे होतं. जन्मभर या गाड्यांविषयी वाचत आलो, पण नागपुरात काय आणि इथे काय, गाडी उजवीकडे बसूनच चालवलेली. चांगलीच फजिती झाली.

दादाला सांगितलं तर तो खोखो हसला. "म्हणजे दिवाणावर ड्रायव्हर तू होतास बे. मी उगाच झाकण फिरवत बसलो. सरक तिकडे."

ज्या झाकणासाठी मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं, ते आता आयतं हातात येत होतं. मला ते नको होतं. मला दादाने चालवलेल्या गाडीत, त्याच्या शेजारी बसून, खिडकीबाहेर हात काढून जायचं होतं.

"सरकलास का?"

"हो," मी म्हणालो, आणि होतो तिथेच, त्या रिकाम्या जागेच्या शेजारी बसून राहिलो.