जुना वायसर मालकाच्या हातात

नामदेवराव फिटर यांना पंचाहत्तरावं वर्ष लागलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींनी हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं, आणि पहिला लेख मी लिहावा असा हट्ट धरला. कारण विचारलं तर म्हणाले, तुमच्या दोघांच्या दुकानांत भिंत एकच होती आणि तीही पत्र्याची. तुमच्यापासून त्यांचं काय लपलंय? मुद्दा बिनतोड होता. म्हणून लिहायला बसलो आहे.

नव्वद साल नुकतंच उलटलं असेल. बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं लेथचं दुकान होतं. मला शाळेपासूनची एक खोड. पाठ्यपुस्तकातल्या कविता तोंडपाठ, आणि लेथ फिरू लागला की त्या आपोआप ओठांवर येतात. एका सकाळी असाच नादात होतो. नजर लोखंडावर आणि मन कुठल्याशा कवितेतल्या नदीकाठी. कविता संपली तेव्हा दारात एक सडपातळ गृहस्थ तुटका स्टड घेऊन उभे असलेले दिसले. किती वेळ उभे होते कोण जाणे. म्हणाले, "चाल बेस हाय तुमच्या कवितेची. पर पट्टा ढिला झालाय. तिसऱ्या कडव्यापास्नं लेथ तालात न्हाय."

मी पट्टा पाहिला. ढिला होता.

त्याच वर्षी शेजारचा गाळा रिकामा झाला आणि नामदेवराव तिथं आले. फिटर हे त्यांचं आडनाव नव्हे, पण खरं आडनाव विचाराल तर बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांत निम्म्या लोकांना सांगता येणार नाही. आम्हां दोघांत कोण कुणाला काय म्हणायचं हेही पहिल्या आठवड्यातच ठरून गेलं. मी त्यांना नामदेवराव म्हणू लागलो आणि ते मला कविराज. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

नव्या पिढीच्या वाचकांसाठी त्यांचं काम थोडक्यात सांगतो. त्या काळी वीज भरवशाची नव्हती. विहिरीवर, ओढ्यावर, कालव्याच्या कडेला डिझेलची इंजिनं धडधडत असत. इंजिनाला तेल पुरवणारं एक गणगोत असतं: टाकी, फिल्टर, पंप, प्रेशरची नळी आणि सगळ्यात शेवटी तेलाचा फवारा मारणारं नोझल. हे गणगोत इंजिनाच्या अंगाला जिथल्या तिथं आणि बेताचं घट्ट बसवून देणं, हे नामदेवरावांचं काम. दुरुस्ती पुष्कळांना येते, बसवणी थोड्यांना.

नोझलला दोन बाजूंनी दोन स्टड, म्हणजे इंजिनात रोवलेले आट्यांचे दांडे, आणि त्यांवर दोन नट. नामदेवराव ते आधी नुसत्या बोटांनी फिरवत. मग पाना घेत. इकडं थोडा, तिकडं थोडा, पुन्हा इकडं. एक नट पुरता आवळून मग दुसऱ्याकडं वळणं त्यांना खपत नसे. तेवढा वेळ ते कुणाशी बोलत नसत, चहा समोर निवून जाई. घट्ट म्हणजे नेमकं किती, असं एकदा एका शिकाऊ कारागिरानं विचारलं. म्हणाले, "लिंबू पिळताना कडू व्हायच्या आदी थांबतोस न्हवं? तितंच थांबायचं."

आपल्याकडचा शेतकरी मनाचा मोकळा, पण नटाच्या बाबतीत फार संशयी. आवळलेला नट त्याला कधी पुरेसा आवळलेला वाटत नाही. मग तो पान्याच्या दांड्यावर लांब पाईप चढवतो, त्याला लोंबकळतो आणि मोडून ठेवतो. असे पाईप नामदेवराव गिऱ्हाइकाकडून काढून घेत आणि दुकानाच्या कोपऱ्यात उभे करून ठेवत. सांगवीचे एक ऊसवाले तात्या आपला पाईप परत मागायला आले होते. नामदेवरावांनी त्यांना विचारलं, घरात लग्न निघालंय का? मांडवाला लावणार असाल तर न्या, पान्याला लावायला मिळणार नाही. तात्यांच्या घरी लग्न नव्हतं. पाईप तिथंच राहिला.

गौरवलेख आहे म्हणून नुसती साखर पेरावी असं नाही. नामदेवरावांचा स्वभाव तापट. कौतुकाच्या बाबतीत तर हात फारच आखडता. काम उत्तम झालं तर ते "बरं" म्हणतात. त्यांच्या तोंडून शाबासकी ऐकलेला शिष्य मला अजून भेटायचा आहे. या ग्रंथात कुणी तसं लिहिलं असेल तर वाचकांनी ते सांभाळून घ्यावं.

पण या रूक्ष माणसाचं मन मी पाहिलेलं आहे. एकदा लेथवरचा लोखंडाचा कीस माझ्या डोळ्यात उडाला. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून घरी निजवलं. दिवस जाता जाईना. तेव्हा रोज संध्याकाळी दुकान बंद करून नामदेवराव यायचे, माझं जुनं कवितेचं पुस्तक उघडायचे आणि वाचून दाखवायचे. वाचायचे कसे, तर स्पेअर पार्टची यादी वाचावी तसे. जिथं थांबायचं तिथं थांबत नसत, नको तिथं श्वास घेत. एका विरहाच्या कवितेला मला इतकं हसू आलं की बायको आतून धावत आली. नामदेवराव शांतपणे म्हणाले, पट्टी हलवू नका, अजून दोन कडवी आहेत. ज्या माणसाच्या अंगाला कवितेचं वारंही लागलेलं नाही, तो माझ्यासाठी रोज अर्धा-पाऊण तास कविता वाचत होता. पुढं मी थोरामोठ्यांची काव्यवाचनं ऐकली. तसं वाचन पुन्हा कानी पडलं नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला खरोखर तयार झालो, तो सांगतो.

निमगाव केतकीच्या शिवारात मारुतराव आणि बिराजी हे दोघे भाऊ राहतात. घराणं मूळचं मेंढपाळांचं. धाकट्या बिराजींनी फार मागं लागून उरलेली मेंढरं विकायला लावली, विहिरीवर इंजिन बसवलं आणि पानमळा लावला. थोरल्या मारुतरावांचा जीव मेंढरांत होता, पण भावाखातर ते कबूल झाले. हिवाळ्यात त्या इंजिनाचं नोझल नामदेवरावांनीच बसवून दिलं होतं. उन्हाळा लागला तसं नोझलच्या बुडाशी काळा धूर फुसफुसू लागला. बिराजींनी नट आवळून पाहिला. धूर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. परत आवळला, आणि एक दिवस नटाखालचा स्टडच तुटला.

पानवेलीला पाण्याचा खंड सोसत नाही. वेली माना टाकू लागल्या. मारुतरावांच्या मनात साठलेलं सगळं बाहेर आलं. यानं पान्याला पाईप लावला असणार, दुसरं काय! बिराजी शपथ घेऊन सांगत होते की नुसत्या हातानं आवळलं. कुणी ऐकलं नाही. त्या मुलखात स्टड तुटला की पाईपच आठवतो. निमगावच्या बाजारात तर लोक त्यांना "पाईपवाला बिरा" म्हणू लागले. शेवटी मारुतरावांनी मामांना बोलावून घेतलं. वाटणी करा, म्हणाले. यानं मेंढरं घालवली, आता इंजिनही घालवलं. बिराजींनी बायको-मुलांना घेऊन कळंबला सासुरवाडीला जायचं ठरवलं.

त्याच दिवशी आम्ही दोघं तिथं पोचलो. तुटका स्टड काढायचा म्हणून नामदेवराव, आणि त्या मापाचा नवा करून दिलेला म्हणून मी. लिंबाखाली घोंगडीवर मामा आणि दोन-चार वडीलधारी माणसं बसलेली. ओसरीवर बिराजींची ट्रंक बांधून ठेवलेली. त्यांची म्हातारी आई दोन्ही मुलांकडं पाठ करून दाणे निवडत होती, आणि दाणे कधीच निवडून झालेले होते.

नामदेवरावांनी नोझल उपसून काढलं. नोझलच्या बुडाशी तांब्याचा एक चपटा वायसर असतो. धूर बाहेर येऊ नये म्हणून. दर खेपेला जुना काढायचा आणि नवा घालायचा. त्यांनी नोझलच्या घरात बॅटरीचा उजेड पाडला आणि वाकून पुन्हा पाहिलं. मग वाकडी तार आत घालून खरवडलं. नोझलबरोबर हिवाळ्यातला वायसर निघालाच होता; आता काजळी बसलेला आणखी एक वर आला. जुना. म्हणजे हिवाळ्यात तो तळाशी चिकटून राहिला होता आणि त्याच्यावरच नवा घातला गेला होता. नोझल तेव्हापासून उंच आणि तिरपं बसलं होतं. एका बाजूचा स्टड रोज ताण खात होता. आज ना उद्या तो तुटणारच होता.

एवढीशी ती काळी चकती. शेजारी मी एकटा वाकून बघत होतो. ती खिशात टाकायला पापणी लवण्याएवढाही वेळ लागला नसता.

नामदेवराव उठले, तसेच काळ्या हातांनी लिंबाखाली गेले आणि चकती मामांच्या पुढ्यात ठेवली.

"मामा, वाटणी थांबवा. बिराचं काय चुकल्यालं न्हाय. माजं चुकलंय."

सगळं सांगून झालं तरी मारुतरावांचा विश्वास बसेना. ते म्हणाले, "फिटर, तुमी देवमाणूस हाय. पर त्याला वाचवायला सोताच्या अंगावर घेऊ नका."

"मी देवमाणूस असतो तर वायसर आत ऱ्हायला असता व्हय? या हिकडं. तुमच्याच हातानं बगा."

त्यांनी मारुतरावांना इंजिनापाशी आणलं. दोन्ही वायसर घालून नोझल ठेवायला लावलं आणि बोटानं दाबून पाहा म्हणाले. नोझल डुगडुगलं. मग जुना काढला, जागा पुसली, एकच नवा वायसर घातला. नोझल गप्प बसलं. मारुतरावांनी पुन्हा एकदा दाबलं. बराच वेळ ते बोट तिथून काढेनात.

घोंगडीवरून कुणीतरी टोमणा मारला, "आन् मग वस्तादी कुठं गेली हुती त्या दिशी?"

"घरी ऱ्हायली हुती," नामदेवराव म्हणाले, आणि नवा स्टड बसवून नट फिरवू लागले.

इंजिन जोडून झालं. मारुतरावांनी भावाची माफी वगैरे मागितली नाही. आपल्याकडं थोरले भाऊ तसं करत नाहीत. ते ओसरीवर गेले, ट्रंक उचलून आत ठेवून आले आणि बिराजींकडं न बघता म्हणाले, "बिरा, हँडल तू मार."

पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं. पाण्याचा लोट पाटात पडला आणि पानमळ्याकडं निघाला. म्हातारीनं निवडलेले दाणे सुपातून उधळले आणि कोंबड्यांना हाक मारली. मला एक कविता फार आठवली, पण मी ती मनातच म्हटली. नामदेवराव तिथं होते.

परत येताना मी त्यांना म्हटलं, झालं, घर वाचलं. ते म्हणाले, घर वाचलं, पण बाजारात नाव पडलंय त्याचं काय? पुढच्या बाजाराला ते दुकान बंद ठेवून निमगावला गेले. चहाच्या टपरीवर दिवसभर बसले. जो भेटेल त्याला, विचारलं न विचारलं तरी, सांगत राहिले की स्टड बिराजींनी तोडला नाही, मी तोडला. त्या हंगामात काही गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानी गेली. मी हळहळलो. ते मात्र म्हणाले की, एकाचं नाव खरवडून काढायचं तर दुसऱ्याला थोडं काळं लागणारच.

त्या उन्हाळ्यापासून त्यांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. नोझल उघडलं की जुना वायसर आधी मालकाच्या हातात द्यायचा, मगच नवा आत घालायचा. शिष्यांना त्यांनी हेच शिकवलं आणि शिष्यांनी आपापल्या शिष्यांना. आज बारामती-इंदापुराकडं कुठल्याही गॅरेजात जा, कारागीर जुना वायसर तुमच्या तळव्यावर ठेवतो. का ठेवतो, हे बहुतेकांना ठाऊक नाही. वस्तादांची पद्धत आहे, एवढंच सांगतात. आपल्या चुकीची अशी घडी घालून ती सगळ्यांच्या उपयोगाला देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मारुतराव आणि बिराजी आता म्हातारे झाले. चूल अजून एकच आहे आणि भांडणं रोजची आहेत. गौरवग्रंथाच्या सोहळ्याला दोघेही येणार आहेत. कुणी कुणाला गाडीत पुढं बसू द्यायचं, यावरून वाद चालू असल्याचं परवाच कळलं.

नामदेवरावांचे गुडघे अलीकडं कुरकुरतात. खुर्चीत बसून ते काम करवून घेतात आणि अजूनही कुणाला शाबास म्हणत नाहीत. हा लेख वाचून झाल्यावर ते फार तर "बरं" म्हणतील. मला तेवढं पुरे. त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो, नजर अशीच चोख राहो, रात्री गाढ झोप लागो. आपली चूक कबूल करायची या माणसाला आयुष्यभर फार घाई असते. तेवढी एक घाई सोडली, तर यापुढं त्यांना कुठंही जायची घाई नसावी, एवढंच माझं देवापाशी मागणं आहे.