भिंतीलगतचं पाणी

गिरगावातल्या एका कॉलेजात शिवा परबचं काम एकच : प्रयोगशाळेतली काचेची लांब पन्हळ रोज पुसून लख्ख ठेवायची. तिच्यातून पाणी सोडायचं, पाण्यात जांभळ्या रंगाची धार सोडायची, आणि ती कशी वाहते ते प्रोफेसर शरदचंद्र वहीत टिपून घेत. मधला रंग उसळ्या मारत पळे. काचेलगतचा मात्र पाय ओढत, रेंगाळत जाई. काचेवर क्षाराचा ठिपका राहिला तरी सर म्हणत, "भिंत खडबडीत झाली शिवा, आजचा दिवस फुकट." अकरा वर्षांत असे दिवस त्याने फार येऊ दिले नाहीत.

छप्पन साली संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला भोईवाड्यातल्या त्याच्या चाळीतून बायका निघाल्या. त्यात त्याची रखमाही. आठवड्यापूर्वीच लाठ्या चालल्या होत्या. शिवाने विनवलं, रुसून पाहिलं. ती पदर खोचत म्हणाली, "तुमी पन्हळ सांभाळा. मुंबई आमी आणतो."

तेव्हा त्याने तिला आपल्याजवळचं होतं नव्हतं ते शास्त्र दिलं. पळापळ झाली तर मध्ये राहू नकोस, भिंत धर. भिंतीजवळ ओघ मंद असतो, मी रोज बघतो.

संध्याकाळी शेजारची चंपा एकटीच परतली. ठाकूरद्वारच्या गल्लीत पोलीस घुसले आणि गर्दी उलटी फिरली. मधल्या बायका लोंढ्याबरोबर पार पलीकडे फेकल्या गेल्या, वाचल्या. भिंतीकडेचे लोक एका दुकानाच्या पुढे आलेल्या दगडी ओट्यावर आपटले, तिथेच गरगरले, आणि मागचे त्यांच्यावर कोसळत राहिले. रखमा सगळ्यांत खाली होती.

"मी तिचो हात ओढलंय," चंपा म्हणाली. "पण ती भिंत सोडूक तयार नाय. म्हणता, ह्येंनी सांगितलेला हा."

तेराव्यानंतर शिवा कामावर गेला. काच पुसली नाही. रस्त्यावरून आणलेला खडा मेणाने आतून चिकटवला आणि पाणी सोडलं. काचेलगतचा रंग रेंगाळत आला, खड्याशी अडला, उलटा वळला. मागचा येऊन त्यातच गुरफटला.

सर दारातूनच ओरडणार होते. जवळ आले आणि हळू आवाजात विचारलं, "हे काय चिकटवलंस?"

"ओटा, सर. अकरा वर्षं भिंत पुसली मी. खडबडीत भिंतीशी काय होतं, ते तुम्ही मला एकदा तरी दाखवायचं होतं."

सरांनी खड्यापाशी काचेवर बोट टेकवलं. "त्याचं गणित मला सुटत नव्हतं, शिवा. म्हणून गुळगुळीत भिंत घेतली."

शिवाने मान हलवली. नळ मात्र बंद केला नाही.