हवेच्या गोष्टीतली चौथी खोली

माझी मावशी विज्ञान केंद्रात मुलांना हवेची गोष्ट सांगते. म्हणजे, सांगायची.

चार खोल्यांची गोष्ट. पहिलीत मिट्ट काळोख आणि भिंतीवर लालभडक ज्वालामुखी. ‘‘श्वास धरा, इथं अजून प्राणवायू आलेला नाही,’’ असं फर्मान सुटलं की पोरं गाल फुगवून उभी. पृथ्वीच्या पोटातून निघालेले वायू, वाफ, वाफेचा पाऊस, पावसाचे समुद्र, सगळं ती एका दमात उरकायची आणि वरात दुसऱ्या खोलीत पळवायची. तिथं काचेच्या टाकीत हिरवट तवंग. अशाच इवल्याशा जिवांनी उन्हावर जगता जगता प्राणवायू सोडला. आधी त्यानं समुद्रातलं लोखंड गंजवलं, मग उरला तो हवेत आला. ‘‘यांचे आभार माना आणि सोडा श्वास.’’ तिसरीत जंगलं. त्यांनी हवेतला कार्बन गिळला, जमिनीखाली गाडली गेली, कोळसा झाली.

चौथीत तोच कोळसा भट्टीत. कार्बन परत हवेत, पृथ्वीची ऊब अडकलेली. मोठ्या दिव्यांनी ती खोली मावशी मुद्दाम तापवून ठेवायची.

मग एका कोळसा कंपनीनं केंद्राला देणगी दिली आणि चौथ्या खोलीला कुलूप लागलं. मुलांना उगाच घाबरवायचं कशाला, असं केंद्राच्या साहेबांचं म्हणणं. हिरव्यागार जंगलावर शेवट कसा छान होतो!

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘‘गोष्टीतला चोर मागच्या दारानं सोडून द्यायचा, आणि वर शेवट छान?’’

दुसऱ्या दिवशी कुलपापाशी एका वेणीवालीनं विचारलं, त्या कोळशाचं पुढं काय झालं?

‘‘किल्ली साहेबांकडे आहे, बाळ. त्यांनाच विचार.’’

अख्खा वर्ग साहेबांच्या गारेगार केबिनमध्ये घुसला. साहेबांनी चॉकलेटं वाटली. वेणीवालीनं चॉकलेट तोंडात टाकलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

संध्याकाळपर्यंत मावशीची बदली तिकीटखिडकीवर. इतकी वर्षं घसा फोडून शिकवणाऱ्या बाईला तिकिटं फाडायला बसवलं! मी तणतणत भेटायला गेले, तर रांग पार फाटकाबाहेर.

‘‘एवढा वेळ का लागतोय?’’ मागून साहेब खेकसले.

‘‘आत कुलूप आहे ना, साहेब,’’ खिडकीच्या भोकातून मावशी म्हणाली. ‘‘चौथी खोली इथंच सांगतेय. झाली की देते तिकीट.’’