तळ्याच्या मावशीची नीरा

नीरा आणि ताडी यांच्यात फरक असतो तो उन्हाचा. पहाटे ताडावरून उतरवलेला रस गोड आणि पातळ असतो. तोच ऊन चढेपर्यंत तसाच राहिला की फसफसायला लागतो आणि दुपारपर्यंत त्याचं नाव बदलतं. नाव बदललं की पिणारी माणसंही बदलतात. आमच्या काशीदजवळच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून तिथे नीरा काढणारा, विकणारा आणि पिणारा असे तिघेही सकाळी घाईत असतात.

माझ्या सासूबाईंची थोरली बहीण तळा गावाजवळच्या एका वाडीत राहते. तिचं माहेर समुद्रकाठचं. लग्न होऊन डोंगराआड गेल्यापासून तिने नीरा चाखली नव्हती, कारण तिथवर ती नीरा म्हणून पोचतच नसे. पुढे मावशींनी गळ्यात तुळशीची माळ घातली, त्यामुळे ताडीचा तर प्रश्नच मिटला. ह्यांनी त्यांना शब्द दिला होता, "मावशी, तुला माहेरची नीरा तुझ्या ओटीवर आणून पाजीन, तीसुद्धा गारेगार."

निवृत्तीनंतर ह्यांनी शाळेची एक जुनी मिनीबस विकत घेतली, तिची बाकडी काढली आणि आत झोपायला फळी, ओटा, पाण्याची टाकी आणि एक छोटा फ्रीज बसवला. ते तिला कॅम्पर म्हणत. सासूबाई 'बिऱ्हाड' म्हणत, आणि गावाने सासूबाईंचाच शब्द उचलला. बिऱ्हाड तयार झालं, एकदोनदा समुद्रावर जाऊन आलं, आणि हिवाळ्यात हे गेले. फार काही न बोलता गेले. ते एरवीही फार बोलत नसत. त्यांच्या मागे मी, सासूबाई, बिऱ्हाड आणि मावशींना दिलेला शब्द एवढं उरलं.

त्या शब्दाची आठवण एप्रिलमध्ये मावशींच्या सुनेने करून दिली. फोनवर म्हणाली, त्या जेवत नाहीत. दोन घास खाऊन ताट सारतात. औषधं चालू आहेत, डॉक्टर म्हणतात शरीरात तसं काही नाही. परवा आपण होऊन एकच वाक्य बोलल्या, "माझी नीरा राहिली."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "बिऱ्हाड काढ."

मी आयुष्यभर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम केलं. एखादी गोष्ट करायची म्हटलं की मी आधी वाचायला बसते. फ्रीजचं माहितीपत्रक मी दोनदा वाचलं. हा फ्रीज घरातल्यासारखा नव्हता. तो घरच्या विजेवर चालतो, गाडी चालताना बॅटरीवर चालतो आणि गाडी उभी असताना गॅसच्या इवल्याशा ज्योतीवर चालतो. ज्योत पेटवून गारवा मिळवायचा, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही, पण तो मिळतो. फ्रीज गारवा निर्माण करत नाही, आतली ऊब उचलून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, एवढं मला कळलं. म्हणून मागची जाळी मोकळी हवी, गाडी सपाटीवर उभी हवी, ऊन फ्रीजच्या बाजूवर नको, आणि आत ठेवायची वस्तू आधीच गार हवी. बाहेर उकाडा असला की हा प्राणी हळू चालतो. त्याला घाई केलेली खपत नाही. माझ्यासारखाच आहे, असं मला वाटलं आणि त्याच्याबद्दल थोडी आपुलकी निर्माण झाली.

आदल्या दिवशीच मी घरातून वायर टाकून फ्रीज चालू केला. पहाटे आमच्या गावातल्या नीरा काढणाऱ्याने ताडावरून मडकी उतरवली. मडक्याला आतून चुना फासलेला असतो, त्याने रसाचं आंबणं थोडं लांबतं. मी तो गाळून स्टीलच्या बाटल्यांत भरला, घरच्या फ्रीजमध्ये गार करून मग बिऱ्हाडात हलवला. पुढे चालकाच्या समोर एक काटा होता. फ्रीजमध्ये पुरेसं गार असेल तर तो हिरव्या पट्ट्यात राही. निघालो तेव्हा तो हिरव्या पट्ट्याच्या अगदी मधोमध होता. मला उगीचच पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

रोह्याच्या दिशेने जाणाऱ्या घाटात मी गाडी हळू चालवत होते.

"सायकलवाला पुढे गेला," सासूबाई म्हणाल्या.

"जाऊ दे, आई."

"दुसरापण गेला. आता चालत जाणारीच मागे हायत. त्यांनापण जाऊ दे?"

माझं लक्ष काट्याकडे होतं. तो हिरव्या पट्ट्याच्या कडेला सरकला होता. आणखी एका वळणानंतर तो पट्ट्याबाहेर गेला. बॅटरीवर फ्रीज जेमतेम तग धरतो हे मी वाचलं होतं, पण हे जरा जास्तच होतं. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला बरोबरीला आला आणि हसत ओरडला, "ताई, गाडीला लंगोट कशाला बांधलाय?"

मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि मागून फेरी मारली. फ्रीजच्या जाळीवर ओलं गोणपाट पसरलेलं होतं, आणि ते खिडकीच्या गजाला सुंभाने असं घट्ट बांधलं होतं की वाऱ्यानेही हलू नये.

"आई, हे तुम्ही बांधलंत?"

"मग काय. उन्हात तापल बिचारा. माठाला नाय का आपण ओलं फडकं गुंडाळत? माठ घाम गाळतो, पाणी गार होतं."

"माठाचं बरोबर आहे. पण हा आतली ऊब ह्या जाळीतून बाहेर टाकतो. तुम्ही त्याचं तोंडच बांधलंत."

सासूबाईंनी जाळीजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. भांड्यावरच्या वाफेसारखी झळ येत होती. मग त्या स्वतःच सुंभाची गाठ सोडू लागल्या. गाठ सुटेना. "मीच बांधली, मलाच सुटना," असं म्हणत त्यांनी दातांनी सोडवली.

पुढे एक जांभळाचं झाड आणि थोडी सपाट जागा होती. गाडी तिथे सावलीत घेतली. गवंडी सपाटी बघतात ती पाणसळ ह्यांनी गाडीत ठेवली होती. ती मी ओट्यावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला पळाला. सासूबाईंनी रस्त्याकडेचा एक चपटा दगड आणून दिला, मी चाकाखाली तो लावून गाडी हळूच चढवली, आणि बुडबुडा मध्ये आला.

"अजून थोडं ह्या अंगाला," सासूबाई म्हणाल्या.

"झालं की, आई. मध्ये आहे."

"बघूदे मला. व्हय, मध्ये हाय. लय शहाणा बुडबुडा."

मग गॅसची ज्योत पेटवली आणि जाळीमागे ह्यांनी बसवलेला छोटा पंखा चालू केला. आता वाट बघायची होती. नीरा बिघडली का हे बघायला मी एका बाटलीचं झाकण जरासं सैल केलं. तिने हळूच फुस्स केलं. फार नाही, पण केलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"ताडी झाली?" सासूबाईंनी कुजबुजत विचारलं, जणू जांभळाचं झाड ऐकेल.

"नाही. पण विचार करायला लागली आहे."

त्यावर त्या हसल्या. मीही हसले. हिवाळ्यानंतर आम्ही दोघी एकत्र हसल्याचं मला आठवत नाही. मग त्यांना दर थोड्या वेळाने फ्रीजचं दार उघडून बघावंसं वाटू लागलं. मी सांगितलं, दार उघडलं की गार हवा खाली सांडते.

"कुठे सांडते?"

"पायांवर."

"मग पाय तरी गार होतील," त्या म्हणाल्या, आणि तरीही दाराला हात लावला नाही. जांभळाच्या सावलीत आम्ही भेळ खाल्ली. सासूबाई दूरवर बघत बसल्या होत्या. त्या मध्येच थोरल्या बहिणीच्या आठवणीने म्हणाल्या, "बाय जेवल का गो?" काटा परत पट्ट्यात आला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या.

मावशींच्या ओटीवर पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, पूर्वीच्या निम्म्या झालेल्या. त्यांनी सासूबाईंना पाहिलं आणि म्हणाल्या, "उशीर केलास, धाकटे."

"हिने गाडी चालवली," सासूबाई म्हणाल्या.

मी फ्रीजमधून बाटली आणली आणि पेल्यात ओतली. वर जरा फेस आला. मावशींनी पेला नाकाशी नेला. त्यांचं नाक वाकबगार होतं, माहेर ताडाखालचं.

"आंबूस हाय काय गो?"

मला खोटं सांगायचं नव्हतं. म्हटलं, "किंचित, मावशी. वाटेत जरा गरम झाली होती. तुमची माळ आहे, म्हणून आधी सांगते."

"नीराच हाय ती," सासूबाई घाईने म्हणाल्या.

"तुला कोणी इचारलं? सकाळची हाय ना? नंतर गार ठेवली ना?"

"हो, पहाटेची. नंतर गार ठेवली."

मावशींनी पेला गालाला लावला. मग दुसऱ्या गालाला लावला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. त्यांची सून आणि आम्ही दोघी न्यायालयात उभ्या असल्यासारख्या उभ्या होतो. शेवटी त्यांनी निकाल दिला, "थंड हाय तवर नीराच."

"आणि गरम झाल्यावर?" सासूबाईंनी विचारलं.

"गरम व्हायच्या आत पिते ना मी. तू बोलत राहिलीस तर व्हईल."

त्यांनी पेला तोंडाला लावला. एक घोट, मग थांबल्या, मग दुसरा. डोळे मिटलेले होते. पेला रिकामा झाला तेव्हा ओठावर फेसाची बारीक रेघ होती. ती पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"पोचली म्हणून सांग त्याला," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

"मी कशी सांगू?"

"रोज बोलतेस की त्याच्याशी. फोन ठेवायला इसरतेस, मग मला ऐकू येतं."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं की आमच्या घरात ह्यांच्याशी एकटी मीच बोलते, तेही मनातल्या मनात. सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, माझ्याकडे बघायचं टाळलं, आणि मग अंगणाकडे तोंड करून अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "पोचली रे. प्याली बाय. रस्ता खराब हाय, तुझी बायको गाडी हळू चालवते, पण चालवते."

मावशींनी रिकामा पेला माझ्यापुढे धरला. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "भाकर हाय काय गो? हिच्याबरोबर चांगली लागल."

सून आत गेली. चूल पेटल्याचा आवाज आला. मी दुसरी बाटली आणायला बिऱ्हाडाकडे निघाले, तेव्हा मागून मावशींचा आवाज आला, "दार लगेच लाव."