ध्रुवावरच्या शेवाळाला तीर्थ

“सविता, उत्तर ध्रुवाकडच्या तळ्यातल्या नमुन्यात आपल्याकडचं शेवाळ कसं गं गेलं?” प्राचार्यांनी रिपोर्ट टेबलावर आपटला. सविता रडायच्या बेतात. मी तिची पीएचडीची गाईड, धाराशिवच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझंही डोकं तापलेलं.

प्रकरण असं. सायनोबॅक्टेरिया म्हणजे साचलेल्या पाण्यावर हिरवट-निळा थर धरणारे सूक्ष्म जीव. ध्रुवाकडच्या गोड्या पाण्यातल्या एकाला पूर्वी नुसत्या रूपावरून नाव दिलेलं. सवितानं त्याचा नमुना आमच्या लॅबमध्ये फ्लास्कात वाढवला, म्हणजे त्याचं कल्चर केलं, आणि डीएनए काढला, तर भावकीच निराळी! लोहाऱ्याच्या बाजारात दोघांच्या मिशा सारख्या दिसल्या म्हणून ते काय सख्खे भाऊ होत नाहीत. मायक्रोस्कोपखाली पुन्हा बघितलं, तर पेशींच्या ठेवणीतही फरक निघाला. म्हणजे नवीन नाव द्यायला हवं. खात्रीसाठी डीएनए पुन्हा तपासणीला पाठवला आणि रिपोर्टात आली दोन जीवांची भेळ. एक ध्रुवावरचा, दुसरा आपल्या उन्हाळ्यात सुखानं नांदणारा.

“कल्चर बाटलं! असला हलगर्जीपणा असेल तर थिसिसवर माझी सही मिळणार नाही,” प्राचार्य म्हणाले.

पोरगी रोज अणदूरहून एसटीनं येते. सगळी मेहनत मातीत जायची वेळ. मी तडक लॅबमध्ये गेले आणि ओरडलेच, “फ्लास्कचे कापसाचे बोळे कुणी काढले होते?”

आमचे अटेंडंट बाबूमामा शांतपणे म्हणाले, “आवं मॅडम, खंडेनवमीला सायबांनीच न्हाय का काढले? मायक्रोस्कोपला हळदकुंकू लावलं, समद्यांवर बारवेतलं हिरवट पाणी तीर्थ म्हणून शिंपडलं. म्हणले, आत बी पोचू द्या की!”

प्राचार्य माझ्या मागेच उभे. “ते मी... श्रद्धेनं...”

“श्रद्धा राहू द्या सर, पोरीचं काय?”

नशीब थोर, मूळ कल्चर फ्रीजमध्ये होतं आणि साहेबांनी फ्रीजला बाहेरूनच कुंकू लावलेलं. त्यातून पुन्हा वाढवलं, पुन्हा तपासलं. ह्या खेपेला भेळ नाही. पहिल्यासारखीच निराळी भावकी! सवितानं मला अशी मिठी मारली की माझा चष्माच पडला.

सही करताना साहेब हळूच म्हणाले, “नव्या जीवाला एखाद्या ज्येष्ठ माणसाचं नाव देता येतं म्हणे?”

“येतं की सर,” सविता म्हणाली. “पण हा ध्रुवावरचा. तुम्ही आणलेला तो दुसरा हाय ना, त्याला तुमचं देऊ.”

साहेबांनी सही पुरी करून पेनाचं टोपण लावलं. मी एवढंच शिकले: जीव कुठलाही असो, त्याला तीर्थ पाजण्याआधी त्याच्या गाईडला विचारावं.