डॉक्टरांची गाडी: खिलार की जर्सी

परवा एका लग्नात आमच्या जुन्या ऑफिसातली मंडळी भेटली. जेवणं झाली, पानं खाऊन झाली, मांडववाला आमच्या खालच्या खुर्च्या मागायला लागला, तरी कुणी उठेना. एकानं एक किस्सा काढला की त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो, आणि घरी पोचल्यावर आठवतं की सांगायचा तो राहूनच गेला. म्हणून आज सगळे एकदम सांगून टाकते. विषय एकच, आमच्या सोनवणे डॉक्टरांची गाडी.

आमचं ऑफिस म्हणजे बारामती-इंदापूर रस्त्यावरचा एक दूध संघ. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी लॅबमध्ये, दुधाचं फॅट तपासायला. डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. त्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे तेच पहिले आणि चारचाकी घ्यायचं मनात आणणारेही तेच. पण ती हौसेसाठी नव्हती. त्यांच्या वडलांचा, म्हणजे तात्यांचा, डावा गुडघा वाकत नव्हता. मोटरसायकलवर बसता येईना, एसटीत चढवेना. "तात्यांना पाय लांब करून बसता येईल अशी गाडी पाहिजे," एवढीच डॉक्टरांची अट. घ्यायची ती एकदाच, चुकली तर पुढं कित्येक वर्षं तीच चालवायची. म्हणून मागं डिकी असलेल्या, खिशाला परवडणाऱ्या दोन गाड्या त्यांनी निवडल्या आणि दोन्हींचे रंगीत कागद ऑफिसात सगळ्यांना दाखवायला आणले.

तिथंच त्यांचं चुकलं.

* * *

कागद आधी बबनरावांच्या हातात गेले. बबनराव आमचे सुपरवायझर, वडगाव निंबाळकरचे. सभासदांना गाई निवडून देणं हे त्यांचं काम. जनावरांच्या बाजारात त्यांनी मान हलवली की सौदा पक्का.

त्यांनी एक कागद लांब धरून बघितला. पांढरी गाडी, अंगानं सडपातळ, जरा टोकदार. "ही खिलार," बबनराव म्हणाले. दुसरी निळी, गुबगुबीत, मागून गोल. "आन् ही जर्सी." म्हणजे एक आपली देशी गाय आणि दुसरी विलायती.

झालं! त्या दिवसापासून कंपन्यांची नावं ऑफिसात कुणी घेतलीच नाहीत. एकदा डॉक्टरांनी माझ्यासमोर पुण्याच्या शोरूमला फोन लावला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "खिलार किती दिवसांत मिळेल?"

पलीकडच्या माणसानं राँग नंबर म्हणून फोन ठेवून दिला.

* * *

मग पुण्याला शोरूममध्ये जायचं ठरलं. डॉक्टर, बबनराव आणि मी. मी कशाला, तर माझं माहेर पुण्याचं आणि पुण्यातल्या लोकांशी कसं बोलायचं ते मला माहीत, असा सगळ्यांचा समज.

जर्सीच्या शोरूममध्ये टाय लावलेला एक तरुण पुढं आला आणि इंजिनाबद्दल बोलायला लागला. बबनरावांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, मागं जाऊन गाईच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी थाप दिली, खाली वाकून पोटाखालून बघितलं. एसीत उभी असून मला घाम फुटला. फेरी संपवून ते त्या मुलासमोर येऊन उभे राहिले.

"खोड काय हाय?"

मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मी समजावलं की आमच्या बाजारात जनावर विकणाऱ्यानं त्याची खोड आधी सांगायची असते. लाथ मारतं, दावं तोडतं, दूध चोरतं, जे असेल ते. न सांगता विकलं तर जनावर परत येतं आणि विकणाऱ्याचं नाव जातं.

"सर, आमच्या गाडीत काहीही प्रॉब्लेम नाही," मुलगा म्हणाला.

"बिनखोडीचं जनावर आजून जल्माला यायचंय," बबनराव म्हणाले आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. नुसते बघत राहिले. गाईवाले भलेभले त्या नजरेला टिकत नाहीत, हा तर काल-परवा नोकरीला लागलेला.

शेवटी त्यानं मागं मॅनेजरच्या केबिनकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "रिव्हर्स गिअर पहिल्यांदा पडत नाही. दोनदा टाकावा लागतो."

बबनराव खूश. "मानूस बरा हाय," ते डॉक्टरांना म्हणाले. "आता तीन धारा काढून बघू." म्हणजे गाय घेताना जसं सकाळ, संध्याकाळ, पुन्हा सकाळ असं तीनदा पिळून बघतात, तशी गाडी दोन दिवस आमच्याकडं पाठवा. मी तोंड लपवायला जागा शोधत होते. पण त्या मुलानं खरंच गाडी पाठवली! ते कळल्यावर खिलारवाल्यांनीही त्यांची पाठवली. दोन्ही गाड्या, दोन्हींचे ड्रायव्हर, सगळं लटांबर आमच्या आवारात येऊन उभं.

* * *

पहिली परीक्षा डिकीची. डॉक्टरांना औषधांची पेटी ठेवायची होती, ती दोन्हीत आरामात बसली. बबनरावांना तेवढ्यानं भागेना. उद्या एखादं आजारी वासरू न्यावं लागलं तर? वासरू हजर नव्हतं, म्हणून ते स्वतःच जर्सीच्या डिकीत शिरले, गुडघे पोटाशी घेऊन आडवे झाले आणि म्हणाले, "झाकन जरा खाली घ्या."

कुणीतरी घेतलं. ते खट्‌कन बसलं. किल्ली ड्रायव्हरच्या खिशात आणि ड्रायव्हर फाट्यावर चहाला.

दोन शिपाई सायकली घेऊन फाट्याकडं सुटले. डॉक्टर डिकीवर ओणवे होऊन विचारतायत, "बबनराव, ठीक आहात ना?" आतून काहीच आवाज नाही. आता बबनरावांच्या घरी काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करायला लागले.

तेवढ्यात आतून अगदी शांत आवाज आला.

"हवा येती. वासरू जगंल."

* * *

दुसरी परीक्षा चालवण्याची. ती मुलाणीचाचांकडं. चाचा संघाची जीप चालवायचे आणि त्या जीपचा आवाज कालव्याच्या पलीकडं जायचा. गाडी आली हे आम्हाला दिसायच्या आधी ऐकू यायचं.

चाचांनी हात धुतले, चपला बाहेर काढल्या आणि जर्सीत बसले. ड्रायव्हरनं एसी लावून काचा वर घेतल्या. चाचांनी किल्ली फिरवली. थोडं थांबले. पुन्हा फिरवली. आतून असा काही करकराट झाला की जर्सीचा ड्रायव्हर सीटवर उडालाच. चाचांनी तिसऱ्यांदा हात घातला तेव्हा त्यानं तो वरच्यावर धरला.

"चाचा, काय करताय? गाडी कधीच सुरू झालीय!"

चाचांनी कान देऊन ऐकलं आणि त्याच्याकडं संशयानं बघितलं. "मग बोलत का न्हाय ती?"

* * *

आता माझी फजिती सांगते, नाहीतर म्हणाल ही दुसऱ्यांनाच हसते. जर्सीच्या काचा काळ्या होत्या, कंपनीतूनच तशा आलेल्या. तेव्हा आमच्याकडं काळी काच म्हणजे फार मोठं प्रकरण, पुढाऱ्यांच्या गाड्यांना असायची. मी दुपारी तिच्याजवळून जाताना काचेत स्वतःला बघितलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी टिकली नीट केली, केस सारखे केले, दातात मेथी अडकली होती ती करंगळीनं काढली, आणि साडी कशी दिसते म्हणून एक गिरकीही घेतली.

काच खाली गेली. आत आमचे मॅनेजरसाहेब एसी खात बसले होते.

"पलीकडच्या दातात अजून आहे," ते म्हणाले.

मी त्या दिवशी पुन्हा लॅबच्या बाहेर पडले नाही. पण एक कबूल करते, त्या काचेमुळं माझंही मत जर्सीला पडलं. आतून सगळं जग दिसतं आणि जगाला आपण दिसत नाही, आणखी काय पाहिजे?

* * *

मधेच तात्यांचं थोडं सांगायला हवं, ते या गाड्या यायच्या आधीचं.

गुडघा दाखवायला तात्यांना बारामतीला न्यायचं असलं की साहेब जीप द्यायचे. एकदा परतताना मीही जीपमध्ये होते. डॉक्टरांच्या गावाचं नाव सांगत नाही, त्यांनी घेऊ नका म्हटलंय. गावात शिरताना एक मोठा कडुलिंब आहे, त्याच्या पुढं चावडी आणि चावडीच्या पलीकडं डॉक्टरांचं घर. लिंब आला तशी चाचांनी न सांगता जीप थांबवली. तात्या काठी टेकत, ओठ आवळत खाली उतरले.

मला वाटलं, कुणाला भेटायचं असेल. पण म्हातारा चावडीसमोरून तो लाकडासारखा पाय ओढत चालत निघाला आणि रिकामी जीप मागं हळूहळू. चावडीच्या कट्ट्यावर बसलेले लोक बघत होते. चावडी मागं पडल्यावर तात्या पुन्हा जीपमध्ये चढले.

मला राहवलं नाही. "तात्या, अहो एवढा पाय दुखतोय आणि हे काय? गाडी जाते की सरळ."

"जाती की. पर गाडी संघाची हाय."

मला काही कळलं नाही. हट्टी म्हातारा, असं म्हणून मी सोडून दिलं. डॉक्टर मात्र तात्यांच्या धोतरावरची धूळ हातानं झटकत होते.

* * *

तिसऱ्या धारेच्या सकाळी पुण्याहून तो टायवाला मुलगाही आला. ऑफिसात मतं घेऊन झाली होती, सगळी जर्सीला. रिव्हर्सची खोड धरूनसुद्धा. आता तात्यांनी बसून बघायचं तेवढं राहिलं होतं.

तात्या आधी खिलारीत बसले. सीट पार मागं सरकवली तरी गुडघा पुढं जरा टेकत होता. मग जर्सीत बसले. पाय सरळ, मागं मऊ उशी, वर गार वारा. त्यांनी डोळेच मिटले. आम्ही एकमेकांकडं बघून माना हलवल्या. डॉक्टरांचा चेहरा असा मोकळा झालेला मी कधी बघितला नव्हता.

तात्यांनी डोळे उघडले आणि काचेवर बोट टेकवलं. "ह्यातनं आतलं भाईर दिसतं का?"

"अजिबात नाही आजोबा," मुलगा अभिमानानं म्हणाला. "आत कोण बसलंय ते कुणाला कळणारसुद्धा नाही."

तात्यांनी दार उघडलं, दोन्ही हातांनी पाय बाहेर ठेवला आणि उतरले.

"पांढरी घ्या."

आम्ही सगळे हबकलो. बबनराव पुढं झाले, "तात्या, पाय अवघडंल ओ." मी म्हटलं, "तात्या, नको तेव्हा काच खाली घ्यायची की."

"आमच्या रस्त्याला धूळ किती हाय, ताई. काच लावूनच जावं लागतं."

आता डॉक्टर तरी समजावतील म्हणून मी त्यांच्याकडं बघितलं. सगळी खटपट ज्या पायासाठी केली तोच पाय अवघडणार होता. डॉक्टर खिशातून रुमाल काढून उगाच चष्मा पुसत होते. मग त्या मुलाकडं वळून म्हणाले, "माफ करा. आमची खिलार ठरली."

* * *

आणि हा शेवटचा, लग्नात राहून गेलेला.

गाडी आली त्या दिवशी डॉक्टरांनी बबनरावांना आणि मला घरी जेवायला बोलावलं. पुढं तात्या, धुतलेलं धोतर, पांढरा फेटा, गुडघा पुढं टेकवून ताठ बसलेले. मागं आम्ही दोघं. वाटेत कन्हेरीच्या फाट्यावर बबनरावांनी रस प्यायला थांबू म्हटलं तर तात्यांनी थांबू दिलं नाही. सारखे उपरण्याच्या टोकानं आपल्या बाजूची काच पुसत होते.

लिंब दिसला. डॉक्टरांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि गाडी थांबली. तात्यांनी दाराला हात लावला नाही.

"हितंच," तात्या समोर बघत म्हणाले. "लगीन लावून आलो तवा हितंच बैलगाडीतनं उतरीवलं आमाला. आपल्या लोकांनी चावडीम्होरनं गाडीत बसून जायाचं न्हाय म्हनले. मुंडावळ्या व्हत्या कपाळाला. तुजी आय बी चालत गेली, नवी नवरी." मग जरा थांबून म्हणाले, "तवा बी गाडी दुसऱ्याची व्हती. चल आता."

जीपमध्ये बसून मी या माणसाला हट्टी म्हटलं होतं. बबनराव खिडकीबाहेर तोंड करून बसले, ते वळेनातच.

डॉक्टरांनी गिअर टाकला. गाडी निघाली तसा तात्यांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "हळू चालव."

गाडी बैलाच्या चालीनं चावडीसमोर आली. तात्यांनी फेटा सारखा केला आणि मान वळवली.

कट्टा रिकामा होता. ज्वारीची काढणी चाललेली, सगळं गाव रानात. कट्ट्याच्या सावलीला एक कुत्रं झोपलं होतं, त्यानंही मान वर केली नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "तात्या, घरी जायाचं?"

तात्यांनी कट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. मग काठी सरळ करून दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली.

"गाडी हितंच लाव," ते म्हणाले. "सांजच्याला येत्यात समदी."

डॉक्टरांनी इंजिन बंद केलं.