एटीला कुणी सांगितलं नाही

लॉर्ना पडिस्टर आणि एटी हाइन्स, दोघी जन्मापासून बहिऱ्या. सेंट जॉन्स शहरातल्या बहिऱ्यांच्या शाळेत एका बाकावर बसल्या, आणि पुढे किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या कारखान्यातही एकाच टेबलाशी उभ्या राहिल्या. हात खेकडे फोडण्यात अडकलेले, म्हणून कामात गप्पा बंद. चहाच्या सुट्टीत मात्र एटी सिरिल मुकादमाची अशी नक्कल करी की लॉर्नाला ठसका लागे.

एका मे महिन्यात गोठवणयंत्राचा नळ फुटला आणि अमोनियाचा विषारी वायू पसरला. भोंगा वाजला. समोरच्या बायका टोपल्या टाकून पळताना दिसल्या, तशी लॉर्नाही पळाली. एटी कोल्ड स्टोरेजमध्ये एकटीच खोकी रचत होती.

आवारात लॉर्नाने एकेक तोंड न्याहाळलं. मग सिरिलची बाही ओढून दाराकडे बोट केलं. तिला ओठ वाचता यावेत म्हणून तो सावकाश बोलला, "हाक मारली होती गं मी तिला. दोनदा मारली."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. आत धावणाऱ्या लॉर्नाला चौघींनी धरून ठेवलं. बंबवाल्यांनी एटीला बाहेर आणलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

एटीला पुरल्यावर कारखाना पुन्हा सुरू झाला. लॉर्ना आली ती दाराबाहेरच्या पायरीवर बसली. खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिने लिहिलं होतं : भोंगा डोळ्यांना दिसेल तेव्हा आत येईन.

"ऐन हंगामात एकटीसाठी काम थांबवू?" मॅनेजर करवादला.

"एकटी कुठंय ती?" म्हणत त्यांच्या टेबलावरची पर्ल तिच्याशेजारी टेकली. दुपारपर्यंत पायऱ्यांवर जागा उरली नाही.

खोल्याखोल्यांतून भोंग्यासरशी पेटणारे लाल दिवे बसले. हिवाळ्यात चर्चच्या सभागृहात लॉर्ना सगळ्यांना हातांची भाषा शिकवू लागली. वातानं बोटं आखडलेली पर्ल सगळ्यांत आधी शिकली. सिरिल मागच्या बाकावर बसे. लॉर्ना त्याच्या हातांकडे बघत नसे.

वसंतात टीव्हीवाले आले. सर्वांना सामावून घेणारा कारखाना म्हणून बातमी करायची होती. लॉर्नाला विचारलं, "आता कसं वाटतं?" तिचे हात हलले. पर्ल तिच्या खुणा वाचत होती.

"काय म्हणाल्या?"

"म्हणते, दिवे बसवायला एकच दिवस लागला."

तेवढं बातमीत आलं नाही.

त्या संध्याकाळी सिरिल फाटकाशी तिची वाट बघत उभा होता. उघडा तळवा छातीवर ठेवून त्याने गोल फिरवला. त्याला माफी मागायची होती, पण खूण झाली विनंतीची. लॉर्नाने त्याची बोटं एकेक करून मिटली, मूठ केली आणि ती त्याच्या छातीवर फिरवून दाखवली. त्याने पुन्हा केलं. या वेळी बरोबर.

खूण जमल्याची तिने नुसती मान डोलावली आणि घराची वाट धरली.